पंचवीस फूट, पण जपून

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी मार्केट यार्डच्या फुलबाजारात पाय ठेवायला जागा नसते. सकाळचे साडेसहा वाजले होते. थंडीनं हमालांच्या तोंडातून वाफा निघत होत्या आणि आमच्या गाळ्यासमोर शेवंतीचा कमरेएवढा ढीग लागला होता. त्या ढिगापलीकडे एक उंच मुलगा कापडी पिशवी छातीशी धरून उभा होता. चेहरा चुकून दुसऱ्याच्याच लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखा.

"पाच फुलं द्या," तो म्हणाला.

"पाच किलो?"

"नाही, पाच... फुलं."

"हा होलसेल बाजार आहे. इथं फुलं मोजत नाहीत, तोलतात."

"मग पाच फुलं तोला."

मी काट्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तो अगदी गंभीर होता. मला हसू फुटलं.

"काऊन हसता?" तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे... का हसताय?"

"अमरावती?"

"अकोट. तीन वर्षं झाली पुण्यात, पण 'काऊन' काही जात नाही."

"राहू द्या की. पुण्यात कुणी 'का' म्हटलं की भांडण सुरू झाल्यासारखं वाटतं. 'काऊन' ऐकायला बरं वाटतं."

तो कानापर्यंत लाल झाला. मग त्यानं हळूहळू सगळी कर्मकहाणी सांगितली. बिबवेवाडीत एका आजींकडे तो भाड्यानं राहत होता. आजींचं गुरुवारचं व्रत. पाच फुलं आणि पाच डहाळ्या आणायच्या, नाही आणल्या तर आजी भाडेकरार काढून मोठ्यानं वाचायला बसतात.

मी ढिगातली पाच टपोरी फुलं निवडली. मग थांबले... आणि सहावं उचललं.

"पाचच सांगितली होती," तो म्हणाला.

"सहावं आजींना नाही. इतक्या थंडीत उठून आलात, त्याबद्दल."

"पैसे किती?"

"पाच फुलांचे पैसे घ्यायला आमचा काटा लाजतो. निघा आता, मागं गिऱ्हाईक उभं आहे."

तो निघाला, चार पावलं गेला आणि वळला. "पुढच्या गुरुवारी आलं तर चालेल?"

"बाजार सगळ्यांचा आहे," मी म्हणाले. पण ज्या आवाजात म्हणाले, तो आवाज सगळ्यांसाठी नव्हता. सहावं फूल त्यानं शर्टाच्या खिशात ठेवलेलं मी बघितलं होतं.

चार दिवस मी उगाचच हार गुंफताना गुणगुणत होते. बापू, म्हणजे माझे वडील, दोनदा म्हणाले, "आज काय हाय काय?" मी म्हटलं, काही नाही.

त्या सोमवारी मला दवाखान्यात जायचं होतं.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. नाव घेता घेता दम लागतो म्हणून सगळे एम.एस. म्हणतात. मेंदूतून हातापायांकडे जाणाऱ्या नसा म्हणजे वायरी समजा. माझ्या शरीराला अधूनमधून लहर येते आणि ते स्वतःच त्या वायरींवरचं प्लास्टिक कुरतडतं. मग कधी बोटांना मुंग्या येतात, कधी डावा पाय ऐकेनासा होतो, कधी एका डोळ्यापुढं दूध सांडल्यासारखं पांढरं होतं. काही आठवड्यांनी बरंचसं ओसरतं, थोडं कायमचं राहतं. चोविसाव्या वर्षी कळलं, आता सत्तावीस. मी लग्नाच्या मांडवांना फुलांची सजावट करते. माझ्या स्वतःच्या मांडवाचा विषय मात्र घरात कुणी काढत नाही.

एका मोठ्या हॉस्पिटलात एम.एस.च्या नव्या औषधाची चाचणी सुरू होत होती आणि माझा नंबर लागला होता. दोन वर्षं, दर महिन्याला दंडात एक इंजेक्शन. निम्म्या लोकांना नवं औषध, निम्म्यांना पूर्वीपासून वापरात असलेलं. कुणाला कोणतं, हे ना आम्हाला माहीत ना डॉक्टरांना. दर तीन महिन्यांनी हात, पाय, चाल, सगळं मोजायचं.

आमच्या तारखा, सह्या, तक्रारी सांभाळायला जयाताई होत्या. जयाताईंना शब्द वाया घालवलेला आवडत नसे.

"पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून यायचं," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "आत जे तपासतात, त्यांना इंजेक्शनची जागा दिसता कामा नये. ताप आला, खाज आली, बरं वाटलं, वाईट वाटलं, सगळं मला सांगायचं नाहीतर डॉक्टरांना. त्यांना नाही. त्यांच्याशी गप्पा नाहीत. ते तुम्हाला 'कशा आहात' असंसुद्धा विचारणार नाहीत. उद्धट नाहीत ते. नियम आहे."

"का पण?"

"कारण तेही माणूसच आहेत. तुम्ही म्हणालात 'छान वाटतंय', की त्यांच्या डोळ्यांना तुम्ही छान चालताना दिसणार. त्यांनी फक्त बघायचं आणि मोजायचं. जा आत."

मी दार ढकललं. आत पांढऱ्या ॲप्रनमध्ये शेवंतीवाला उभा होता.

एक क्षण त्याचे डोळे असे उजळले, की मला वाटलं आता हा 'काऊन' म्हणणार. पण दुसऱ्याच क्षणी दुकानाचं शटर ओढावं तसा त्यानं चेहरा मिटून घेतला.

"उत्कर्षा सातव?"

"हो."

"मी आमोद गावंडे, फिजिओथेरपिस्ट. दर वेळी तपासणी मीच करणार आहे. बसा."

बस्स. मला इतका राग आला! नियम कळला होता, तरीही आला. मग त्यानं समोर स्टूल ओढलं आणि तर्जनी पुढं धरली. "तुमचं बोट नाकाला लावा. आता माझ्या बोटाला. नाक... माझं बोट... नाक... माझं बोट..."

त्याचं बोट गार होतं. पाचव्यांदा टेकलं तेव्हा रागाचं काय झालं, मला आठवत नाही.

मग नऊ भोकांची एक पाटी आली. त्यात नऊ खुंट्या भराभर बसवायच्या आणि काढायच्या. मोगऱ्याच्या कळ्या ओवणाऱ्या हाताला ते काय अवघड! मी अठरा सेकंदांत संपवलं आणि विजयी मुद्रेनं वर बघितलं. तो खाली मान घालून आकडा लिहीत होता, पण ओठांचा एक कोपरा त्याचं ऐकत नव्हता.

शेवटी चालणं. खोलीबाहेरच्या बोळात जमिनीवर दोन पिवळ्या पट्ट्या होत्या, मधलं अंतर पंचवीस फूट.

"'चला' म्हटलं की त्या पट्टीपर्यंत जायचं," त्याच्या हातात घड्याळ होतं. "जमेल तेवढं भरभर..." तो जरासा थांबला. "पण जपून."

वाक्य छापील होतं. त्याच्या कागदावर मीच उलटं वाचलं, प्रत्येक रुग्णाला तेच म्हणायचं असतं. तरी रिक्षानं घरी येताना पूर्ण रस्ताभर ते दोन शब्द माझ्या कानात होते. पण जपून... पण जपून...

पुढच्या गुरुवारी मी जरा जास्तच लवकर गाळा उघडला. तो आला. पण आमच्याकडे नाही, समोरच्या पोपटशेठच्या गाळ्यावर गेला. आणि माझ्याकडे चक्क पाठ करून उभा राहिला.

दर गुरुवारी हेच. पोपटशेठही नमुना माणूस. पाच फुलं द्यायला त्यांना दहा मिनिटं लागायची. तेवढा वेळ तो पाठमोरा उभा, मान ताठ, एकदाही वळणार नाही. निळा शर्ट, चौकटीचा शर्ट, थंडीत मरून रंगाचा स्वेटर, त्याला कोपरावर हातानं केलेला रफू. लोक डोळ्यांच्या प्रेमात पडतात, आवाजाच्या पडतात. मी एका पाठीच्या प्रेमात पडले.

मार्चमध्ये पुन्हा तपासणी. बाहेर रणरणतं ऊन आणि मी पूर्ण बाह्यांत. त्यानं दोन दांड्यांचा एक लोखंडी चिमटा तळहातावर ठोकला आणि माझ्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. चिमटा गुणगुणत होता.

"थरथर थांबली की सांगा."

तो जमिनीवर गुडघा टेकून बसला होता. वरून त्याच्या केसांतला भोवरा दिसत होता. थरथर हळूहळू विरत गेली... विरली.

"आहे?" त्यानं विचारलं.

"आहे," मी म्हणाले.

"अजून?"

"अजून... आहे."

त्यानं वर बघितलं. चिमटा केव्हाच गप्प झाला होता, हे त्याच्या हातालाही कळत होतं. "सातवताई," तो शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाला, "पुन्हा करू. थांबली की लगेच सांगायचं."

ताई! सत्यानाश. पण मान खाली घालताना त्याचे कान लाल झालेले मी पाहिले, आणि त्यावर मी पुढचे तीन महिने काढले.

ती माझी पहिली लबाडी. छोटी, लाडिक. दुसरी तशी नव्हती.

मे महिन्यात उन्हानं कहर केला. एका सकाळी उठले तर उजव्या डोळ्यापुढं ते दूध सांडलेलं. चार दिवसांनी डावा पाय फरफटायला लागला. गाळ्यावर मी क्रेटचा आधार घेत हिंडत होते. बापू म्हणाले, "पोरी, डाक्टरला सांग. म्या येतो बरोबर." मी म्हटलं, उन्हाचं आहे, जाईल.

सांगायलाच हवं होतं. असा त्रास उसळला की जयाताईंना त्याच दिवशी फोन करायचा, हे माझ्या सहीनिशी कागदावर होतं. पण आम्हा रुग्णांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, 'त्रास वाढला की चाचणीतून काढतात.' मी ते वाचलं आणि जयाताईंना लावायला घेतलेला फोन खाली ठेवला. औषध जाईल म्हणून नव्हे. देवाशपथ सांगते, औषधाचा विचार दुसरा आला. पहिला विचार आला तो बोळातल्या पिवळ्या पट्ट्यांचा. ते पंचवीस फूट गेले तर माझ्याकडे त्याचं काय राहणार होतं? आणि राहिलेच, तरी त्यानं मला फरफटताना बघावं? ज्या एका माणसानं माझी चाल इतकी मन लावून बघितली, त्याच्यासमोर?

म्हणून जूनमधल्या तपासणीच्या दिवशी मी एक युक्ती केली. ती फक्त फुलवाल्याच्या मुलीलाच सुचावी. एम.एस.वाल्यांचं शरीर उन्हानं बिघडतं आणि गारव्यानं घटकाभर सुधारतं. आमच्या गाळ्यामागं गुलाबांसाठी कोल्ड रूम आहे. मी आधीचे दोन दिवस पडून राहिले. तिसऱ्या दिवशी शाल घेऊन त्या खोलीत पाऊण तास बसले. चारी बाजूंना बादल्या, बादल्यांत हजारो लाल, पिवळे, गुलाबी गुलाब, सगळे कागदात गुंडाळून गप्प उभे. दिव्याचा निळसर उजेड. श्वासाची वाफ गुलाबांवर जाऊन बसत होती. मी डोळे मिटून मनातल्या मनात चालत होते, पट्टी ते पट्टी, पट्टी ते पट्टी. कुडकुडत बाहेर आले, रिक्षात बसले आणि दहा मिनिटांत दवाखान्यात.

"जमेल तेवढं भरभर... पण जपून," तो म्हणाला. "चला."

मी वाऱ्यासारखी गेले. सव्वासहा सेकंद. त्यानं घड्याळ बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरून एक आनंद सरकत गेला, लपवता न आलेला. माझ्या कपड्यांना गुलाबांचा वास येत होता. त्यानं तो श्वास भरून घेतलेला मला ऐकू आला. त्या क्षणासाठी मी आणखी शंभर वेळा खोटं बोलले असते.

पण गारवा किती टिकणार? लिफ्टपर्यंत पोचेतो पाय पुन्हा फरशीवर घासायला लागला. भिंत धरून उभी होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "आत जाताना हरणासारखी गेलीस, आणि आता गं काय झालं?"

कौशल्याकाकू व्हीलचेअरवर बसल्या होत्या. आमच्याच चाचणीतल्या. स्वारगेट डेपोत वीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसलेल्या, पाय गेले म्हणून मुदतीआधी निवृत्त झालेल्या. वीस वर्षं लोकांचे चेहरे बघितलेल्या बाईला काय थापा मारणार? मी सगळं सांगितलं. डोळा, पाय, कोल्ड रूम. एका माणसाचं नाव तेवढं सांगितलं नाही, पण त्यांनी तपासणीच्या खोलीच्या दाराकडे एकदा बघितलं आणि मान हलवली.

"मी रागवत नाही हो," त्या म्हणाल्या. "फक्त एक सांगते. आमच्या खिडकीत एकदा एका नव्या पोरानं साताऱ्याच्या गाडीची वेळ चुकीची सांगितली. उगीच, रांग लवकर हलावी म्हणून. चाळीस माणसं फलाटावर उभी राहिली, गाडी केव्हाच गेलेली. त्यात एक बाई होती, मुलीच्या बाळंतपणाला निघालेली." त्यांनी माझा हात धरला. "आपण आता त्या खिडकीत बसलोय गं. आपला आकडा बघून उद्या कुणीतरी हे औषध घेणार. माझा आकडा दर वेळी खाली जातो. पण खरा आहे."

मी हात सोडवून लिफ्टचं बटण दाबलं. घरी जाऊन मात्र खूप रडले.

त्याच संध्याकाळी फोन करायचं धैर्य झालं नाही, हे कबूल करते. उद्या, परवा करत दिवस गेले. डोळा हळूहळू निवळला, पाय निवळला नाही. दर महिन्याला इंजेक्शन घेताना जयाताई विचारायच्या, "काही त्रास?" आणि मी नाही म्हणायचे. गुरुवारी ती पाठ दिसायची आणि मला तिच्याकडेही बघवत नसे.

सप्टेंबरच्या तपासणीच्या दिवशी गणपतीची धामधूम होती. मी पहाटेपासून उभी राहून केवड्याचे आणि जास्वंदीचे हार दिले. कोल्ड रूमचं दार समोर होतं. पावसाची भुरभुर होती तरी उकाडा होता. मी त्या दारावर हात ठेवला... आणि तशीच वळून रिक्षात बसले.

बोळात त्यानं घड्याळ हातात घेतलं. मी पट्टीवर उभी राहिले. माझा पाय लटपटत होता आणि आता लपवायला काहीच नव्हतं.

"जमेल तेवढं भरभर, पण..." त्याचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं. "पण जपून. चला."

मी चालले. डावा पाय ओढत, उजवीकडे झुकत. तो नियमाप्रमाणे शेजारून चालत होता. पंचवीस फूट इतके लांब असतात हे मला माहीत नव्हतं. सतराव्या-अठराव्या फुटावर गुडघा दगा देऊन गेला, मी डगमगले, आणि त्याचा हात एकदम पुढं आला. माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर.

मला तो हात हवा होता. नऊ महिने हवा होता.

"नको," मी म्हणाले. "मोजा."

हात तिथंच थांबला. मग हळूच मागं गेला. मी भिंतीला न शिवता ती पट्टी ओलांडली. साडेबारा सेकंद. त्यानं आकडा लिहिला. एकच आकडा लिहायला त्याला फार वेळ लागला. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

तिथून मी सरळ जयाताईंकडे गेले आणि मेपासूनचं सगळं सांगून टाकलं, कोल्ड रूमसकट. त्यांनी चष्मा काढला.

"चाचणीतून काढतात हे कुणी सांगितलं?"

"ग्रुपवर..."

"ग्रुपवर. मग डॉक्टर कशाला ठेवलेत आम्ही? तेही ग्रुपवरून आणले असते." त्यांनी फोन उचलला. "काढत नाहीत कुणाला. त्रास होतो का, हेच तर बघायचंय! जूनच्या आकड्यावर आता शेरा मारावा लागेल, वर कळवावं लागेल. आणि तुमचा पाय तेव्हाच बघितला असता तर आज वेगळा असता, बाई." शेवटच्या वाक्यात त्यांचा आवाज ओला झाला होता. तपासण्या झाल्या, डॉक्टर मला चांगलेच ओरडले, चाचणी चालू राहिली. थोडा पाय सुधारला. थोडा नाहीच सुधारला. तो माझ्या लबाडीचा हिस्सा आहे, मी तो बरोबर घेऊन चालते.

आणि त्या आठवड्यापासून पोपटशेठच्या गाळ्यासमोरची जागा रिकामी झाली.

एक गुरुवार, दोन गुरुवार. दसऱ्याला बाजारात झेंडूचा पूर आला, तो आला नाही. दिवाळी गेली. मी मनाची समजूत घालत होते, की बघ, खरी चाल बघितली आणि गेला. त्यात त्याची काय चूक? मीही पुन्हा मिटून गेले. एकदा पोपटशेठनीच रस्त्यापलीकडून ओरडून विचारलं, "ताई, आमचं पाच फुलांचं गिऱ्हाईक कुठं गेलं हो?" मी हसले आणि आत जाऊन उगाच दोरे गुंडाळत बसले.

मार्गशीर्ष लागला. सोमवारी तपासणीला गेले तर आत एक प्रौढ बाई. शांत आवाजात म्हणाल्या, "जमेल तेवढं भरभर, पण जपून." दहा सेकंद. वाक्य तेच होतं, आणि नुसतंच वाक्य होतं.

बाहेर आल्यावर मी धीर करून विचारलं, "आधीचे... गावंडे?"

जयाताई फाईल लावत होत्या. "सप्टेंबरात तुम्ही गेलात, त्याच दुपारी त्यांनी अर्ज दिला. स्वतःहून. 'या रुग्णाच्या चाचणीत माझा हात पुढे गेला. मी आता तटस्थ नाही. मला या कामातून मुक्त करावं.' एवढंच." त्यांनी फाईल मिटली. "मी म्हटलं, अहो, पडणाऱ्या माणसाला सावरायला हात जातोच. तर म्हणाले, 'हो. पण माझा परत येत नव्हता.'"

मी खुर्ची ओढून बसले.

"हे मी तुम्हाला सांगायला नको होतं," जयाताई म्हणाल्या. "पण परवाच त्यांनी हॉस्पिटल सोडलं. त्यामुळं आता ते आमचे कुणी नाहीत. पुढची तारीख लिहून घ्या."

गुरुवारी धुकं होतं. शेवंतीचा ढीग कमरेएवढा. मी मान खाली घालून फुलं निवडत होते आणि ढिगापलीकडून आवाज आला.

"पाच फुलं तोलून मिळतील?"

मरून स्वेटर, कापडी पिशवी. या वेळी पाठ नाही, चेहरा. मी तो वर्षभरात इतका वेळ सलग कधी बघितलाच नव्हता.

"कुठं होता?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"तीन महिन्यांची नोटीस होती. तोवर तुमच्यासमोर येणं बरोबर नव्हतं. आता सहकारनगरला एका दवाखान्यात लागलो."

"पोपटशेठकडे तरी यायचं..."

"तिथून तुमचा आवाज ऐकू येतो ना. मग राहवलं नसतं."

"आवाज?"

तो खाली बघत पिशवीचे बंद गुंडाळायला लागला. "फुलं तर आजींच्या दारातच मिळतात. मी इथं... तुम्ही भाव सांगता, हमालांना रागावता, हसता... ते ऐकाले येत होतो. वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. तुमची चाल बाहेर बघितली असती, तर आतला आकडा खोटा झाला असता."

आकडा खोटा करायला मी होतेच की, हे मनात आलं आणि डोळे भरून आले. मी त्याला ते सांगणारही होते, सगळंच सांगणार होते. पण त्याआधी त्यानं मान वर केली. आणि वर्षभर घडी घालून ठेवलेली एखादी वस्तू जपून उलगडावी, तसं त्यानं विचारलं,

"कशा आहात?"

लोक मला दिवसातून वीस वेळा हे विचारतात. मी वीस वेळा 'मजेत' म्हणते.

"बरी नाही," मी म्हणाले. "डावा पाय गेला तो पूर्ण परत आला नाही. संध्याकाळी बोटांना मुंग्या येतात. मला कोणतं औषध मिळतंय ते अजून माहीत नाही, पुढं काय होईल ते कुणालाच माहीत नाही. जूनमध्ये मी तुम्हाला फसवलं, गुलाबांच्या कोल्ड रूममध्ये बसून आले होते. चिमट्याच्या वेळीही फसवलं. तुम्ही गेलात तेव्हा वाटलं, माझी चाल बघून गेलात. तीन महिने मला जेवण गोड लागलं नाही. आणि... आणि आत्ता, या मिनिटाला, मी फार छान आहे."

तो ऐकत होता. मागं गिऱ्हाइकांची कुजबुज सुरू झाली, तेव्हा बापू पुढं झाले. "थांबा वाईच," ते म्हणाले. "पोरगी बोलतीय."

"चिमट्याचं मला माहीत होतं," आमोद हळूच म्हणाला. "तरी दोन क्षण जास्तच धरला होता मी."

मी पाच फुलं निवडली. सहावं त्यानंच उचललं आणि माझ्यापुढं धरलं. पलीकडून पोपटशेठनी खोकून घसा साफ केला.

"फाटकापर्यंत सोडते तुम्हाला," मी म्हणाले.

गाळ्यापासून फाटकापर्यंत सगळीकडे ओला पाला पडलेला असतो, तिथं धडधाकट माणसंही घसरतात. मी पायरीवर थांबले. आणि या वेळी हात मी पुढं केला.

"आज मोजायचं नाही हं," मी म्हणाले.

त्याचं बोट अजून तसंच गार होतं. मग सगळी बोटं माझ्या बोटांत आली.

"काऊन मोजू?" तो म्हणाला.